तटस्थ देश नाटोत का गेले? फिनलंड-स्वीडनबद्दल साताऱ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना जमलेले हे प्रश्न आहेत. विचारणारे दोन प्रकारचे. एक, राज्यसेवा आणि सीडीएस, म्हणजे लष्करी अधिकारी भरतीच्या परीक्षेची, तयारी करणारी पोरं. दुसरे, व्याख्यान आहे म्हटल्यावर मागच्या बाकावर येऊन बसणारे फौजेतले निवृत्त काका. पोरांना तारखा हव्या असतात, काकांना हिशेब. ज्या जिल्ह्यात एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे, तिथं "युद्ध झालं तर जाणार कोण?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच येतो.

परीक्षेपुरतं सांगा सर, नेमकं झालं काय?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला. १८ मे २०२२ रोजी फिनलंड आणि स्वीडन यांनी एकत्रच नाटो या लष्करी आघाडीच्या सदस्यत्वासाठी अर्ज दिले. फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी ३१वा सदस्य झाला, स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी ३२वा. ४ एप्रिल हा नाटोचा वाढदिवससुद्धा आहे. १९४९ साली त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी मूळ करारावर सह्या केल्या होत्या. बहुपर्यायी प्रश्नाला एवढं पुरे. मुलाखतीला बसायचं असेल तर पुढे वाचा.

दोघंही तटस्थ होते म्हणतात. म्हणजे दोघांची तटस्थता सारखीच होती का?

अजिबात नाही, आणि पुस्तकांत नेमकं हेच एका ओळीत गुंडाळलेलं असतं. स्वीडनची तटस्थता आपखुशीची होती. फिनलंडच्या ती गळ्यात पडली होती.

स्वीडन शेवटचं लढलं ते १८१४ मध्ये, नॉर्वेशी. पुढची दोन्ही महायुद्धं त्याने बाहेरून पाहिली. सोवळं कडक पाळलं असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला लोहखनिज विकणं चालू होतं आणि जून १९४१ मध्ये एक अख्खी जर्मन डिव्हिजन स्वीडिश रेल्वेतून नॉर्वेहून फिनलंडला गेली. शीतयुद्धात सक्तीची लष्करी सेवा ठेवली, लढाऊ विमानं स्वतःची बनवली, आणि आतून पाश्चात्त्य देशांशी गुपचूप संबंधही राखले. ऑक्टोबर १९८१ मध्ये कार्ल्सक्रोनाच्या नाविक तळाजवळ, बंदी असलेल्या पाण्यात, एक सोव्हिएत पाणबुडी खडकावर चढून बसली. नौदलाला पत्ता नव्हता; ती दिसली एका स्थानिक मच्छीमाराला. तटस्थ देशाकडे शेजारी किती आदराने बघतो, हे स्वीडिश माणसाला त्या दिवशी कळलं.

फिनलंडचं प्रकरण वेगळं. ६ डिसेंबर १९१७ रोजी ते रशियापासून स्वतंत्र झालं. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा आत घुसल्या. तेव्हा तो देश कुठल्याही आघाडीत नव्हता, आणि मदतीलाही कुठली फौज आली नाही. साडेतीन महिने बर्फात लढून १२ मार्च १९४० रोजी तह करावा लागला. १९४१ ते ४४ मध्ये जर्मनीच्या बाजूने पुन्हा लढले, पुन्हा हरले. देशाचा जवळपास दहावा हिस्सा गेला, विपुरीसारखं मोठं शहर गेलं आणि चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून अलीकडे आली. सगळं सोडून येणं म्हणजे काय, हे कोयनेच्या पाण्याने ज्यांना उठवलं त्यांना वेगळं सांगायला नको.

देश मात्र वाचला. पूर्व युरोपच्या बाकीच्या देशांसारखा तो सोव्हिएत छावणीत गेला नाही. त्याची किंमत म्हणजे ६ एप्रिल १९४८ चा मैत्री करार. जर्मनी किंवा तिच्या दोस्ताने फिनलंडवर, अगर फिनलंडच्या वाटेने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला, तर फिनलंड लढेल आणि गरज पडल्यास सोव्हिएत मदत घेईल, असं त्यात होतं. अध्यक्ष पासिकिवी आणि त्यांच्यानंतर १९५६ पासून १९८२ पर्यंत सत्तेवर राहिलेले केक्कोनेन यांनी याच चौकटीत देश चालवला. मॉस्कोला काय रुचेल आणि काय खुपेल, याचा अंदाज घेऊन बोलायचं. हा करार १९९२ मध्ये संपला. १९९५ मध्ये दोन्ही देश युरोपीय संघात गेले आणि त्या संघाच्या करारातही संकटात एकमेकांना मदत करण्याचं कलम आहे. त्यामुळे २०२२ मध्ये ते काटेकोर अर्थाने तटस्थ उरलेच नव्हते. लष्करी आघाडीच्या बाहेर होते, एवढंच.

मग आधी का नाही गेले? १९९२ नंतर तर अडवणारं कोणी नव्हतं.

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथं आहे. फिनलंडने "नाटो पर्याय" नावाचं धोरण ठेवलं होतं. आत जायचं नाही, पण हवं तेव्हा जाता येईल अशी तयारी ठेवायची आणि ते सगळ्यांना ठाऊक असू द्यायचं. दार उघडं आहे, हीच रशियाला दिलेली समज होती.

१७ डिसेंबर २०२१ रोजी रशियाने अमेरिकेशी आणि नाटोशी करायच्या करारांचे मसुदे जाहीर केले. त्यात नाटोने यापुढे विस्तार करू नये, अशी मागणी होती. आपल्याकडच्या बातम्यांत ती युक्रेनपुरती वाटली, पण हेलसिंकीत तिचा अर्थ वेगळा लागला: आपलं दार बाहेरून कोणीतरी बंद करतंय. अध्यक्ष साउली निनिस्तो यांनी नववर्षाच्या भाषणात ठासून सांगितलं की फिनलंडची निवड फिनलंडच करेल आणि नाटोत जाण्याची शक्यताही त्यात धरलेली आहे. आठ आठवड्यांनी युक्रेनवर हल्ला झाला. मे महिन्यात अर्जाच्या तोंडावर निनिस्तो रशियाला उद्देशून म्हणाले की हे तुमच्यामुळेच घडलं, आरशात बघा.

दुसरी गोष्ट सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. युक्रेनला शस्त्रं मिळाली, पैसा मिळाला, पण त्याच्यासाठी लढायला कुठल्या देशाचं सैन्य उतरलं नाही, कारण तो आघाडीबाहेर होता. शेजारच्या चिमुकल्या एस्टोनियावर मात्र कोणी हात टाकला नाही. तो २००४ पासून आत आहे. फिनलंडच्या माणसाला १९३९ आठवायला यापेक्षा जास्त कशाची गरज नव्हती.

हे पुढाऱ्यांनी ठरवलं की लोकांनी?

फिनलंडमध्ये लोक पुढे होते, पुढारी मागून आले. तिथली सरकारी प्रसारण संस्था युले जनमत घेते. नाटोला पाठिंबा वर्षानुवर्षं वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी तो ५३ टक्के झाला, मार्चमध्ये ६२, मेमध्ये ७६. संसदेत १७ मे रोजी मतदान झालं: १८८ विरुद्ध ८. पंतप्रधान सना मरीन यांचा पक्ष सोशल डेमोक्रॅट, म्हणजे परंपरेने नाटोबद्दल थंडच.

स्वीडनमध्ये घडलं ते फरफटीसारखं. पंतप्रधान मॅग्डालेना अँडरसन ८ मार्च रोजी म्हणत होत्या की अर्ज केला तर आपल्या भागातली अस्थिरता वाढेल. १५ मे रोजी त्यांच्याच पक्षाने अर्जाला होकार दिला. फिनलंड गेला असता तर बाल्टिकच्या त्या टापूत स्वीडन एकटाच बाहेर उरला असता, हा त्यातला खरा रेटा. सार्वमत दोन्हीकडे घेतलं नाही. फिनलंडपुरतं ते समजू शकतं. स्वीडनमध्ये मात्र सप्टेंबरमध्ये निवडणूक होणारच होती. दोनशे वर्षांची रीत मोडताना मतदारासमोर जायला चार महिने थांबता आलं असतं, असं मला अजूनही वाटतं. त्याला उत्तर असं दिलं जातं की रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये अडकलेलं असतानाच हे उरकणं शहाणपणाचं होतं. उत्तरात दम आहे.

नाटो कराराचं कलम ५ म्हणजे एकावर हल्ला झाला की सगळ्यांनी लढायलाच हवं ना? फिनलंडचं पोरगं उद्या तुर्कस्तानसाठी मरायला जाणार का?

हा खास काकांचा प्रश्न. कलम ५ चं पहिलं वाक्य तसंच आहे: एकावरचा सशस्त्र हल्ला तो सगळ्यांवरचा मानला जाईल. पुढचं वाक्य कमी लोक वाचतात. प्रत्येक देश त्याला "आवश्यक वाटेल ती" कृती करेल, आणि त्यात लष्करी बळाचा वापरही आला. म्हणजे मदत करणं बंधनकारक, पण ती कोणत्या रूपात हे ज्याचं त्याने ठरवायचं. कलम ११ प्रमाणे प्रत्येक देश आपल्या राज्यघटनेच्या रीतीनेच हे करणार, म्हणजे जिथं घटना संसदेची संमती मागते तिथं तिला वळसा घालता येत नाही. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, तेही अमेरिकेसाठी.

भूगोलाचीही मर्यादा आहे. कलम ६ नुसार हे संरक्षण युरोप, उत्तर अमेरिका, तुर्कस्तान आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या अटलांटिकमधल्या बेटांपुरतं. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनची फॉकलंड बेटं घेतली तेव्हा नाटो म्हणून कोणी लढायला गेलं नाही, कारण ती बेटं त्या रेषेच्या फार खाली आहेत.

अपशिंग्याची माणसं पहिल्या महायुद्धात लढली, तेव्हा निर्णय लंडनमध्ये झाला होता. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. फिनलंडच्या पोराला जावं लागलं तर त्याने निवडून दिलेल्या माणसांनी हात वर केलेला असेल. मरण तेच, हे मान्य. पण फरक आहे.

सर, ही तैनाती फौजच झाली की! आपण त्यातून गेलोय.

साताऱ्यात-सांगलीत हा प्रश्न येणारच, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीचं किमान सहा हजार देशी शिपायांचं पायदळ कायमचं ठेवून घेतलं आणि खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख दिला. इतर सत्तांशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून. २५ सप्टेंबर १८१९ रोजी साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशी कंपनीने केलेल्या तहातही परराज्यांशी व्यवहार करायला मनाई होती. १८३९ मध्ये त्यांच्यावर तह मोडल्याचा ठपका ठेवला, पोर्तुगिजांशी संधान बांधल्याचा आरोप केला आणि गादीवरून काढून काशीला पाठवलं. १८४८ मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केलं.

या कसोटीवर नाटो घासून बघा. बलाढ्य दोस्त एकच आणि तो समुद्रापलीकडचा, इथं साम्य आहे. परराष्ट्र धोरणावर कुलूप मात्र नाही. हंगेरी आत असूनही रशियाशी गोडीत राहिला, तुर्कस्तानने रशियाकडून एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा विकत घेतली. निर्णय एकमताने, बाहेर पडायची मुभा कागदावर लिहिलेली, आणि फौज स्वतःची. तरी काकांच्या शंकेचा एक धागा मला तोडता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फिनलंडने अमेरिकेशी वेगळा संरक्षण करार केला आणि १५ ठिकाणं अमेरिकन फौजेच्या वापरासाठी खुली केली. तो नाटोचा भाग नाही, दोन देशांमधला आहे. अशा करारांत पुढे कोण कोणाला काय विचारतं, यावर नजर ठेवायची.

एकट्या तुर्कस्तानने एवढा खोळंबा कसा केला?

आपल्याकडे साखर कारखान्याच्या संचालक मंडळात बहुमताने विषय मंजूर होतो, विरोध करणारा फार तर इतिवृत्तात नोंद करून घेतो. नाटोत तसं नाही. कलम १० प्रमाणे नव्या देशाला सगळ्यांच्या संमतीनेच बोलावता येतं आणि मग प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने मंजुरी द्यायची असते. एक अडला की गाडी अडली.

तुर्कस्तानची तक्रार होती की स्वीडनमध्ये पीकेके या कुर्द संघटनेच्या लोकांना थारा मिळतो आणि २०१९ पासून आम्हाला शस्त्रं विकायला बंदी आहे. जून २०२२ मध्ये माद्रिदमध्ये तिघांचं लेखी ठरलं. स्वीडनने घटनादुरुस्ती केली, दहशतवादविरोधी नवा कायदा आणला. तेवढ्यात २०२३ मध्ये स्टॉकहोममध्ये कुराण जाळण्याचे प्रकार झाले आणि सगळं पुन्हा बिनसलं. शेवटी फिनलंड एकटाच पुढे गेला. तुर्की संसदेने स्वीडनला होकार दिला २३ जानेवारी २०२४ रोजी, आणि त्याच आठवड्यात अमेरिकन सरकारने तुर्कस्तानला एफ-१६ विमानं विकायला मंजुरी दिली. हंगेरीचं मतदान २६ फेब्रुवारीला, आणि तीनच दिवस आधी स्वीडनकडून चार ग्रिपेन विमानं घेण्याचा सौदा. योगायोग म्हणायचा असेल त्याने म्हणावा.

अर्ज केला पण आत घेतलं नाही, अशा अधल्यामधल्या काळात रशियाने हल्ला केला असता तर?

ही भीती होतीच. म्हणून अर्जाच्या आठवडाभर आधी, ११ मे २०२२ रोजी, ब्रिटनने दोन्ही देशांशी एकमेकांना मदतीची निवेदनं केली. रशियाने प्रत्यक्षात फिनलंडला दिली जाणारी वीज आणि नैसर्गिक वायू बंद केला, तोही मे महिन्यातच. हल्ला केला नाही.

नाटोच रशियाच्या दारात गेलं म्हणून हे सगळं झालं, असं नाही का?

या बाजूने बोलण्यासारखं आहे. २००८ च्या बुखारेस्ट परिषदेत नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया कधीतरी सदस्य होतील असं जाहीर केलं, पण तारीखही दिली नाही आणि संरक्षणही नाही. हा अर्धवटपणा महागात पडला, असं मानणारे अभ्यासक पाश्चात्त्य देशांतही आहेत.

पण दोन गोष्टी त्या युक्तिवादात बसत नाहीत. २०१० मध्ये युक्रेनने कायदा करून आघाडीबाहेर राहायचं ठरवलं होतं. २०१४ मध्ये रशियाने त्याचा क्रिमिया घेतला तेव्हा तो कायदा लागू होता. डिसेंबर २०१४ मध्ये तो मागे घेतला. दुसरी म्हणजे फिनलंडची हद्द. रशियाला लागून ती सुमारे १,३४० किलोमीटर आहे आणि ती आत आल्यावर नाटो-रशिया हद्द दुपटीहून जास्त झाली. दारात येण्याचीच भीती असती तर सगळ्यात मोठा गहजब इथं व्हायला हवा होता. रशियाने लेनिनग्राड लष्करी विभाग पुन्हा उभा केला, धमक्याही दिल्या. पण युक्रेनला जे भोगावं लागलं त्यातलं काही फिनलंडच्या वाट्याला आलं नाही.

सव्वापाच-साडेपाच लाखांचा तालुका म्हणावा एवढा देश, त्याने आघाडीला दिलं काय?

साडेपाच लाख नव्हे, फिनलंडची लोकसंख्या ५५-५६ लाख आहे. वर्गात ही चूक हमखास होते. आणि दिलं भरपूर. पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे: १६५, २५५ किंवा ३४७ दिवस. युद्ध झालं तर २,८०,००० सैनिक उभे करता येतात आणि प्रशिक्षित राखीव माणसं त्याच्या तिप्पट. डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे युद्धाच्या आधी, त्यांनी ६४ एफ-३५ विमानं घ्यायचं ठरवलं होतं.

मला त्याहून बोलकी वाटते ती हेलसिंकीच्या इटाकेस्कुस भागातली पोहण्याची जागा. जमिनीखाली, अखंड खडक कोरून केलेली. वर पाट्या, तिकीट खिडकी, आत पोरं पाण्यात उड्या मारतात. वेळ आली तर ७२ तासांत पाणी काढून ती हजारो माणसांचा बॉम्बनिवारा होते. देशभरात असे सुमारे ५०,५०० निवारे आहेत आणि ४८ लाख माणसांना पुरतात. मोठी इमारत बांधायची तर निवाऱ्याशिवाय परवानगी नाही. सगळीकडे शांतता पसरली होती त्या नव्वदीच्या दशकातही हे काम त्यांनी थांबवलं नाही. स्वीडनने मात्र २०१० मध्ये सक्तीची भरती बंद केली आणि २०१७ मध्ये पुन्हा आणायचं ठरवलं. बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावरून हलवलेलं सैन्यही २०१६ मध्ये परत ठेवलं.

अण्वस्त्रं ठेवणार का तिथे?

आत जाताना दोघांनीही अटी घातल्या नाहीत, पण आमच्या भूमीवर ठेवायची तशी गरज नाही, असाच सूर होता. शेजारच्या नॉर्वे आणि डेन्मार्कने शांततेच्या काळात अण्वस्त्रं ठेवणार नाही असं धोरण पूर्वीपासून पाळलं आहे.

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, आयर्लंड का नाही जात?

नकाशा बघा, उत्तर मिळेल. ऑस्ट्रियाची तटस्थता २६ ऑक्टोबर १९५५ च्या घटनात्मक कायद्यात आहे आणि तो दिवस त्यांचा राष्ट्रीय दिन आहे; आज शेजारी बहुतेक नाटोवाले. स्वित्झर्लंडची १८१५ मध्ये मान्य झाली. आयर्लंडला अटलांटिक आणि ब्रिटनची पाठ. भोवती दुसऱ्यांचं कुंपण असलं की तटस्थ राहणं स्वस्त पडतं. बेल्जियमला १८३९ च्या तहाने तटस्थ केलं होतं. १९१४ मध्ये जर्मनीने तो तुडवला. नॉर्वे आणि डेन्मार्क तटस्थच होते, ९ एप्रिल १९४० पर्यंत. हे तिघं १९४९ मध्ये नाटोचे संस्थापक सदस्य झाले. तटस्थ देश आघाडीत जाण्याची सुरुवात फिनलंडने केली असं लिहू नका, गुण जातील.

मग भारतानेही विचार करावा का?

नाटोत? कलम १० मध्ये फक्त युरोपीय देशांना बोलावता येतं, विषय संपला. पण प्रश्नामागचा प्रश्न जुना आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनपुढे माघार होत असताना नेहरूंनी अमेरिकेकडे हवाई मदत मागितली होती. त्याच महिन्यात देवराष्ट्राच्या, म्हणजे आता सांगली जिल्ह्यात असलेल्या गावच्या, यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री, हे आपण पाठ केलंय. त्यांनी १९६४ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत युनियन दोन्हीकडे जाऊन मदतीची बोलणी केली, हे कमी जण सांगतात. एकाच्या छत्रीत न शिरता दोघांकडून घ्यायचं. ९ ऑगस्ट १९७१ चा सोव्हिएत करारही सल्लामसलतीचा होता, कलम ५ सारखा नव्हता. उलट पाकिस्तान १९५४-५५ मध्ये सिएटो आणि बगदाद करार अशा दोन पाश्चात्त्य आघाड्यांत गेला. १९६५ ला आणि १९७१ ला त्यातलं कोणी त्याच्यासाठी लढलं नाही. दीडशे कोटींच्या घरातल्या, अण्वस्त्रधारी देशाने एक कोटीचाही नसलेल्या देशाचा कित्ता गिरवायचं कारण मला दिसत नाही.

खर्च वाढला असेल ना?

वाढला. २०१४ पासून उद्दिष्ट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांचं होतं. जून २०२५ च्या हेग परिषदेत २०३५ पर्यंत पाच टक्के ठरलं: साडेतीन थेट संरक्षणावर, दीड त्याला पूरक गोष्टींवर.

आत गेल्यावर बाहेर पडता येतं का?

येतं. कलम १३ प्रमाणे अमेरिकन सरकारला नोटीस द्यायची, वर्षभराने सदस्यत्व संपतं. आजवर कोणी दिलेली नाही. १९६६ मध्ये फ्रान्स संयुक्त लष्करी कमांडमधून बाहेर पडला, नाटोचं मुख्यालय पॅरिसमधून ब्रुसेल्सला हलवावं लागलं. पण कराराचा सदस्य तो राहिलाच, आणि २००९ मध्ये कमांडमध्येही परतला. ग्रीसनेही १९७४ मध्ये असंच केलं आणि १९८० मध्ये तो परत आला.